यकृतातली चरबी सोनोग्राफीने कशी मोजावी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असं लिहिलं की काम झालं, असं सर्रास धरलं जातं. ती ओळ म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. सहा महिन्यांनी वजन उतरवून तोच रुग्ण परत येतो आणि विचारतो, चरबी कमी झाली का? त्या ओळीतून याचं उत्तर निघत नाही. मशीन बदललं, तपासणारा बदलला किंवा नुसता गेन (परतलेली लहर किती उजळ दाखवायची ते ठरवणारं बटण) हलला, तरी ग्रेड एकाने वर-खाली होते. आकडा हवा असेल तर तो कसा काढायचा, कुठे फसतो आणि त्यावर किती विसंबायचं, ते इथे दिलं आहे. हे मुख्यतः सोनोग्राफी करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे, पण रिपोर्ट हातात असलेल्या कुणालाही यावरून नेमके प्रश्न विचारता येतील.

चरबी पडद्यावर का दिसते

बायोप्सीत पाच टक्के किंवा त्याहून जास्त यकृतपेशींत चरबीचे थेंब दिसले की फॅटी लिव्हर म्हणतात. साधारण ३३ टक्के पेशींपर्यंत पहिली पायरी, ६६ टक्क्यांपर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी. इथे एक गोंधळ नेहमी होतो. बायोप्सीतले टक्के हे चरबी असलेल्या पेशींचे असतात, तर एमआरआयवरचे टक्के चरबीच्या प्रत्यक्ष अंशाचे. बायोप्सीतली तिसरी पायरी एमआरआयवर साधारण २२ टक्क्यांच्या आसपासच सुरू होते. त्यामुळे दोन रिपोर्टांतले टक्के एकमेकांशेजारी ठेवून 'चरबी निम्म्यावर आली' असं म्हणू नये.

चरबीचे बारीक थेंब ध्वनिलहरी विखुरतात. विखुरलेल्या लहरी प्रोबकडे जास्त परततात म्हणून यकृत उजळ दिसतं, आणि पुढे जाणारी लहर क्षीण होत जाते म्हणून खोलवरचा भाग काळवंडतो. दाट धुक्यात गाडीचे दिवे लावले की जवळचं पांढरंधोप होतं आणि पलीकडचा रस्ता दिसेनासा होतो, तसंच हे. शिवाय चरबीत ध्वनीचा वेगही कमी पडतो: मशीन १५४० मीटर प्रतिसेकंद धरून चालतं, तर निव्वळ चरबीत तो साधारण १४५० असतो. चरबी मोजण्याच्या सगळ्या पद्धती या तीन गोष्टींवरच उभ्या आहेत: किती लहर परत आली, किती वाटेत क्षीण झाली आणि किती वेगाने गेली.

तपासणीआधी

रुग्णाने निदान तीन तास काही खाल्लेलं नसावं. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि कडकपणाचा आकडा (यकृत किती ताठर झालं आहे त्याचं माप) फुगतो, चरबीचा आकडाही हलतो. पित्ताशयही पाहायचं असेल तर सहा तास उपाशी हवं, म्हणून सकाळची वेळ सोयीची. वजन, उंची, मधुमेह आहे का, दारू किती आणि चालू औषधं कोणती, एवढं आधीच लिहून घ्या. स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन यांनीही यकृतात चरबी साठू शकते, आणि त्या रुग्णाला केवळ वजन कमी करायला सांगणं अन्यायाचं होईल.

रुग्णाला उताणं झोपवा, फार तर डावीकडे ३० अंशांपर्यंत कलवा. उजवा हात डोक्यामागे ताणून घ्या, त्याने बरगड्यांमधली फट रुंदावते. श्वास सहज सोडून तिथेच रोखायला सांगा. 'मोठा श्वास घ्या' ही सोनोग्राफीतली नेहमीची सूचना इथे नुकसान करते: खोल श्वासाने यकृत सरकतं, शिरांतला दाब बदलतो आणि दोन मोजमापं एका जागेवरची राहत नाहीत.

आधी साधी सोनोग्राफी

नुसत्या नजरेने केलेली ग्रेड टाकाऊ नाही. मध्यम ते तीव्र चरबी ती चांगली पकडते. तिची खरी कमजोरी सौम्य चरबीत आहे: २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी पेशींत चरबी असेल तर यकृत अगदी सर्वसाधारण दिसू शकतं. 'सोनोग्राफी नॉर्मल' याचा अर्थ 'चरबी नाही' असा होत नाही.

१ ते ६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा कॉनव्हेक्स प्रोब घ्या. खोली १५-१६ सेंटीमीटर ठेवा, म्हणजे पडद्याच्या तळाशी डायफ्रॅमची रेघ येईल. टीजीसीच्या, म्हणजे खोलीनुसार उजळपणा बदलणाऱ्या, सगळ्या सरकपट्ट्या मध्यावर आणा. सवयीने हात खालच्या पट्ट्यांकडे जातो आणि काळवंडलेला खोल भाग उजळवला जातो. तिथेच पुरावा पुसला जातो, कारण ते काळवंडणं हेच तर पाहायचं आहे. फोकस यकृताच्या मध्यावर ठेवा. हार्मोनिक (लहरीच्या दुप्पट वारंवारतेवरून चित्र काढणारी सोय) चालू की बंद, हे एकदा ठरवून तसंच ठेवा, कारण हार्मोनिकमध्ये खोल भाग आपसूकच जास्त काळा पडतो.

मग उजव्या बाजूने असं दृश्य आणा की यकृत आणि उजवी किडनी एकाच चौकटीत शेजारी दिसतील. यकृत किडनीच्या सालीपेक्षा थोडं उजळ, पण पोर्टल शिरांच्या भिंती स्पष्ट आणि डायफ्रॅम ठसठशीत: ग्रेड १. पोर्टल शिरांच्या भिंती पुसट, डायफ्रॅम अंधुक: ग्रेड २. शिरांच्या भिंती दिसत नाहीत, यकृताचा मागचा भाग आणि डायफ्रॅम हरवलेला: ग्रेड ३. पोर्टल शिरांचीच भिंत पाहायची, हिपॅटिक शिरांची नव्हे. त्यांची भिंत एरवीही बारीकच दिसते.

फसवे प्रकार लक्षात असू द्या. किडनीचा जुनाट आजार असेल तर तिची साल स्वतःच उजळ होते आणि चरबीने भरलेलं यकृत तिच्या शेजारी नॉर्मल वाटतं. अशा वेळी प्लीहेशी तुलना करा. पित्ताशयालगत आणि पोर्टल शिरेच्या समोर चरबी नसलेला काळसर पट्टा राहून जातो, तो गाठीसारखा भासतो. त्याच्या कडा कोनदार असतात आणि शिरा त्यातून सरळ, न ढकलता जातात. उलट, नेहमी उजळ दिसणारा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) फॅटी लिव्हरमध्ये काळसर दिसू शकतो. फायब्रोसिसनेही, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साठल्यानेही, यकृत उजळतं, पण पोत खरबरीत होतो.

यकृत आणि किडनीचं गुणोत्तर

खास सॉफ्टवेअर नसलेल्या मशीनवर आकडा काढायचा हा मार्ग. यकृत आणि किडनी एका चौकटीत असताना प्रतिमा गोठवा. यकृतात शिरा नसलेल्या जागी एक वर्तुळ आणि किडनीच्या सालीत एक वर्तुळ, दोन्ही एकाच खोलीवर आणि चौकटीच्या मधोमध ठेवा. मशीनच्या हिस्टोग्रामवर दोन्हींच्या करड्या छटेची सरासरी वाचा आणि यकृताच्या आकड्याला किडनीच्या आकड्याने भागा. किडनीच्या आतला पांढरा सायनस किंवा काळे पिरॅमिड वर्तुळात आले तर हिशेब कोसळतो. साल पातळ असते, म्हणून वर्तुळ लहानच ठेवा.

फॅटी लिव्हरसाठीची मर्यादा वेगवेगळ्या अभ्यासांत १.२८ पासून १.४९ पर्यंत आली आहे. एवढा फरक का, हे एका उदाहरणातून कळेल. यकृताची छटा ९२ आणि किडनीची ६४ असेल तर गुणोत्तर १.४४. आता फक्त गेन वाढवा. पडद्यावरच्या छटा लॉगरिदमच्या मापाने दाबलेल्या असतात, त्यामुळे गेन वाढला की दोन्ही छटांत जवळपास सारखीच भर पडते. समजा २०ची भर पडली: ११२ भागिले ८४, म्हणजे १.३३. गेन तेवढाच कमी केला तर ७२ भागिले ४४, म्हणजे १.६४. यकृत तेच, मिनिटही तेच, आणि तीन उत्तरं. डायनॅमिक रेंज (सगळ्यात क्षीण ते सगळ्यात जोरदार लहर किती छटांत दाखवायची ते) बदलल्यावरही असंच होतं.

म्हणून मशीनमध्ये या कामापुरता वेगळा प्रीसेट साठवून ठेवा: गेन, डायनॅमिक रेंज, हार्मोनिक, फोकस, खोली, सगळं ठरलेलं. तीन वेगवेगळ्या चौकटींवर मोजा आणि मधला आकडा घ्या. दुसऱ्या केंद्रातली मर्यादा तशीच उचलू नका. शक्य असेल तर एमआरआयवर चरबी मोजलेले काही रुग्ण आपल्या मशीनवर तपासून तिथली मर्यादा ठरवा.

कॅप: फायब्रोस्कॅनवरचं मोजमाप

एकोसेन्स कंपनीच्या फायब्रोस्कॅनवर कडकपणाबरोबरच कॅप हा आकडा येतो; यकृतात लहर किती क्षीण झाली त्याचं हे माप. १०० ते ४०० डेसिबल प्रतिमीटर अशी त्याची पट्टी असते. इथे पूर्ण चित्र दिसत नाही, त्यामुळे जागा निवडणं हेच कौशल्य. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या पातळीवरून आडवी रेघ काखेखालच्या मध्यरेषेपर्यंत न्या, तिथली बरगड्यांमधली फट बोटाने चाचपा आणि प्रोब त्वचेला अगदी काटकोनात टेकवा. साधी सोनोग्राफी आधी झालेली असेल तर तिथेच त्वचेवर खूण करून घ्या. सगळ्यात जास्त चुका यानेच टळतात.

प्रोबची निवड त्वचेपासून यकृताच्या कवचापर्यंतच्या अंतरावरून करा. २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर एम प्रोब, ३.५ मेगाहर्ट्झचा. त्याहून जास्त असेल तर एक्सएल, २.५ मेगाहर्ट्झचा. जाड चरबीच्या थरावर एम प्रोब वापरला तर मोजमापाच्या पट्ट्यात त्वचेखालची चरबीच येते आणि कॅप खोटा वाढतो. रुग्ण कुठल्या प्रोबने तपासला हे रिपोर्टमध्ये नसेल, तर पुढच्या वेळची तुलना अर्धीच राहते.

दाबाचा दर्शक हिरव्या पट्ट्यात आला की बटण दाबा. पडद्यावर लहर सरळ, एकसंध उतरती दिसली पाहिजे. मध्येच शीर किंवा बरगडीची सावली आली तर जागा किंचित बदला. दहा वैध मोजमापं घ्या आणि मध्यक लिहा. कॅपचा आंतरचतुर्थक विस्तार (मधल्या निम्म्या आकड्यांचा पसारा) ४० डेसिबलच्या आत असावा, ३०च्या आत असेल तर उत्तम. कडकपणासाठी विस्तार मध्यकाच्या ३० टक्क्यांपर्यंत चालतो. पोटात पाणी असेल तर कडकपणा मोजताच येत नाही, कारण त्वचेवर दिलेला धक्का द्रवातून पुढे जात नाही.

अर्थ लावताना घाई नको. बऱ्याच ठिकाणी २४८, २६८ आणि २८० या मर्यादा वापरतात: पहिली, दुसरी आणि तिसरी पायरी. त्या एम प्रोबवरच्या आहेत आणि त्यांच्यासोबत दुरुस्तीही येते. बीएमआय २५च्या वर जितका असेल त्या प्रत्येक एककामागे ४.४ डेसिबल वजा करायचे (२५च्या खाली असेल तर तेवढेच मिळवायचे, हे २० ते ३० बीएमआयपुरतंच), मधुमेह असेल तर आणखी १० वजा, आणि रुग्ण दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरचा असेल तर आणखी १०. बीएमआय २८, मधुमेह, मोजलेला कॅप २७५ आणि शेवटचे १० लागू नाहीत असं धरा. १३.२ आणि १० वजा केले की २५१.८ उरतात. दुरुस्ती न करता दुसरी पायरी, दुरुस्तीनंतर जेमतेम पहिली. ज्यांच्यात फॅटी लिव्हरचा संशय आधीच आहे अशा रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात मर्यादा ३०२, ३३१ आणि ३३७ अशा निघाल्या. रुग्ण कोणत्या गटातला आहे यावर मर्यादा हलते. कॅपचं बळ 'चरबी आहे की नाही' सांगण्यात आहे. दुसरी आणि तिसरी पायरी वेगळी करण्यात तो कच्चा पडतो. ३३१ आणि ३३७ मधलं अंतर बघितलं की हे पटतं.

अटेन्युएशन इमेजिंग

नव्या सोनोग्राफी मशीनमध्ये चित्र बघत-बघतच क्षीणता मोजता येते. कॅननमध्ये एटीआय, जीईमध्ये यूगॅप, सॅमसंगमध्ये टीएआय. एकक डेसिबल प्रतिसेंटीमीटर प्रतिमेगाहर्ट्झ. सीमेन्सची यूडीएफएफ पद्धत क्षीणता आणि परतलेली लहर या दोन्हींवरून थेट टक्के देते. आपल्या हाताशी हे असेल तर फॅटी लिव्हरसाठी हाच पहिला पर्याय ठेवावा, कारण काय मोजतोय ते डोळ्यांना दिसतं.

बरगड्यांमधून उजव्या खंडाचं दृश्य घ्या. यकृताचं कवच प्रोबला समांतर, पांढऱ्या स्पष्ट रेघेसारखं दिसलं पाहिजे. तिरपं असेल तर लहर निम्मी बाजूलाच जाते. मोठ्या शिरा, बरगडीची सावली आणि पित्ताशय टाळून मोजणीची चौकट ठेवा. तिची वरची कड कवचापासून निदान दोन सेंटीमीटर खाली असू द्या. जागा मिळेल तिथे चौकट तीन सेंटीमीटरची घ्या. पाच वेगवेगळ्या वेळा श्वास रोखून पाच मोजमापं घ्या. एकाच गोठवलेल्या प्रतिमेवर चौकट पाचदा हलवणं म्हणजे पाच मोजमापं नव्हेत.

चौकट नेमकी कुठे यावर इतका भर का? कवचाखालच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये प्रतिध्वनींच्या उजळ रेघा असतात. त्या चौकटीत आल्या की वरचा भाग खोटा उजळ होतो, उतार तीव्र भासतो आणि क्षीणता जास्त येते. उलट, चौकटीच्या तळाशी डायफ्रॅम किंवा उजळ भिंत आली तर उतार सपाट होतो आणि आकडा खोटा कमी येतो. समजा पाच आकडे असे आले: ०.६८, ०.७१, ०.७०, ०.८६, ०.६९. चौथ्या प्रतिमेकडे परत जा. बहुधा चौकट वर सरकलेली सापडेल. तसं दिसलं तर ते मोजमाप रद्द करून नवीन घ्या. प्रतिमेत दोष दिसत नसेल तर मात्र आकडा आवडला नाही म्हणून काढून टाकू नका.

एटीआयमध्ये आर-स्क्वेअर (मोजलेला उतार सरळ रेघेशी किती जुळतो ते सांगणारा आकडा) ०.८०च्या खाली असेल तर ते मोजमाप धरू नका, ०.९०च्या वर असेल तर निर्धास्त राहा. पाचांचा आंतरचतुर्थक विस्तार मध्यकाच्या १५ टक्क्यांच्या आत हवा.

यूगॅपसाठी ०.६५, ०.७१ आणि ०.७७ अशा पायऱ्या मिळाल्या आहेत. दोन पायऱ्यांत अंतर फक्त ०.०६, म्हणून वरच्या उदाहरणातला चुकलेला ०.८६ एकटाच धरला, पाचांचा मध्यक घेतला नाही, तर तो रुग्णाला पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर नेऊन ठेवतो. हे आकडे दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावू नका. प्रत्येकाचं गणित वेगळं आहे. कॅपच्या आकड्याला १००ने आणि मग ३.५ने भागून या एककात आणायचा मोहही टाळा.

चरबी मोजली, आता कडकपणा

रुग्णाचं पुढे काय होईल हे चरबीच्या प्रमाणापेक्षा फायब्रोसिसवर जास्त ठरतं. चरबी भरपूर पण यकृत मऊ, असा रुग्ण तुलनेने सुरक्षित. चरबी थोडी पण यकृत कडक, असा रुग्ण धोक्यात. म्हणून चरबीचा आकडा एकटा देऊ नये.

सोनोग्राफीआधीच रक्ताच्या अहवालावरून फिब-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा काढा: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या रक्ततपासणीतली एन्झाइम्स, प्लेटलेट हजारांत धरायचे. वय ५०, एएसटी ४०, एएलटी ४९, प्लेटलेट २०० हजार असतील तर २००० भागिले १४००, म्हणजे १.४३. १.३च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. ६५ वर्षांपुढे ही मर्यादा २.० धरतात. त्याहून वर असेल तर कडकपणा मोजा. फायब्रोस्कॅनवर तो ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर बहुधा निश्चिंत राहता येतं, वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे पाठवा. कावीळ, तीव्र हिपॅटायटिस, हृदयाचा बळावलेला आजार किंवा नुकतंच झालेलं जेवण यांनीही कडकपणा वाढतो, त्यामुळे एका वाढलेल्या आकड्यावर रुग्णाला सिरोसिस सांगून घाबरवू नका.

रिपोर्ट आणि पुढची तपासणी

पुढच्या तपासणाऱ्याला तीच परिस्थिती पुन्हा उभी करता आली पाहिजे, एवढं रिपोर्टमध्ये हवं. उदाहरणार्थ: 'उपाशी ५ तास. उताणी स्थिती, बरगड्यांमधून, उजवा खंड. यूगॅप, मध्यक ०.७०, विस्तार मध्यकाच्या ६ टक्के, ५ वैध मोजमापं, चौकट कवचाखाली २ सेंटीमीटर. सौम्य चरबीशी सुसंगत. कडकपणा स्वतंत्रपणे खाली.' मशीनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहा. आवृत्ती बदलली की आकडा सरकू शकतो. २०२३ पासून नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर या नावाच्या जागी एमएएसएलडी (चयापचयातल्या बिघाडाशी जोडलेला यकृतातल्या चरबीचा आजार) आलं आहे. सोनोग्राफीच्या निष्कर्षात मात्र 'यकृतात चरबी' एवढंच लिहावं. कारण ठरवणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम.

पुन्हा तपासणी सहा महिने ते वर्षाने, त्याच मशीनवर, त्याच प्रोबने आणि तितकाच वेळ उपाशी ठेवून. कॅपमधला दहा-पंधरा डेसिबलचा फरक म्हणजे बदल नव्हे, तो मोजमापाचा हेलकावा आहे. त्यावर रुग्णाचं अभिनंदनही करू नका आणि त्याला दटावूही नका. वजन पाच टक्क्यांनी उतरलं की यकृतातली चरबी बहुधा घटते, म्हणून दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी मांडून दाखवा; रुग्णाला धीर येतो.

एका प्रसंगी मात्र चरबी कमी झाल्याचा आनंद धरू नये. फायब्रोसिस सिरोसिसपर्यंत पोचला की यकृतातली चरबी आपोआप ओसरू शकते. वजन तसंच आहे, कॅप ३१० वरून २४० वर आला, पण कडकपणा ९ वरून १६ किलोपास्कल झाला आणि प्लेटलेट उतरत आहेत, असं दिसलं तर यकृताची कड खडबडीत झाली आहे का, प्लीहा वाढली आहे का, पोर्टल शिरेचा प्रवाह मंदावला आहे का, हे त्याच बैठकीत बघा आणि रुग्णाला त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवा.